घरची रोपे, घरची पालेभाजी

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला आणि दरवर्षीप्रमाणे भाज्यांचे भाव चढले. श्राद्धाच्या पानाला भाज्या लागतात आणि सततच्या पावसाने पालेभाजी शेतातच सडलेली असते. त्यामुळे मेथीची जुडी हातात घेऊन, भाव ऐकून परत ठेवणाऱ्या गृहिणी कर्जतच्या बाजारात दिसतात, तशाच खोपोलीतही दिसतात. पंधरवडा संपला की घटस्थापना. पाऊस ओसरू लागेल, ऊन मोकळे होईल. आपल्या कर्जत-खालापूर भागात घरी भाजीची रोपे करू पाहणाऱ्या नवशिक्यासाठी हा काळ सर्वांत सोयीचा. जून-जुलैत आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की नाजूक रोप उभे राहत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते करपते. म्हणून या आठवड्यात विषय थोडा वेगळा घेतला आहे.

डॉक्टरने बागकामावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर दवाखान्यातच आहे.

‘भाजी खाता का?’

‘डॉक्टर, अंगात ताकद नाही, जिना चढले की दम लागतो, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रिया माझ्या दवाखान्यात रोज असतात. पापणी खाली ओढून पाहिली की आतील लाली फिकट दिसते. रक्त तपासले की हिमोग्लोबिन नऊ, कधी आठ. (गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते बारा किंवा अधिक आणि गरोदर स्त्रीचे अकरा किंवा अधिक असावे.) मग मी विचारतो, ‘भाजी खाता का?’ उत्तर ठरलेले, ‘खातो की!’ खोलात गेल्यावर कळते की भाजी म्हणजे बटाटा, वाटाणा, कांदा, कधी वांगे. पालेभाजी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. तीही घरातील पुरुषांना आणि मुलांना वाढून उरली तर बाईच्या ताटात.

हे चित्र केवळ आपल्या तालुक्यांचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे तीन मुलांत दोन मुले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात मोठ्या माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे सांगितले आहे. आपल्यापैकी किती जणांच्या पोटात एवढी भाजी जाते, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावा.

भाजी महागली की सर्वांत आधी काटछाट होते ती पालेभाजीची. ती टिकत नाही, निवडायला वेळ लागतो आणि शिजली की पातेल्याच्या तळाशी बसते. घरात दोन-तीन पसरट भांड्यांत मेथी, माठ, कोथिंबीर असली, तर ही काटछाट टळते. घरच्या रोपांचा खरा उपयोग हा आहे. चार माणसांची सगळी भाजी गॅलरीत पिकेल, असे मी म्हणणार नाही. पण मूठभर हिरवा पाला रोज हाताशी राहील.

पालेभाजी काय करते, काय करत नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘पालक खा, रक्त वाढेल’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम, माठात साडेचार आणि मेथीत साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे १०० ग्रॅम मेथीने सुमारे पाचवा हिस्सा भागतो. शिवाय पाल्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, त्याचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर ते घटते. पालेभाजी जेवून लगेच चहा घेणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे.

तेव्हा हिमोग्लोबिन खाली गेलेल्या व्यक्तीने लोहाच्या गोळ्या सोडून मेथीवर विसंबू नये. दोन वर्षांपूर्वी चौक परिसरातील एक सव्वीस वर्षांची मुलगी दुसऱ्या खेपेला दिवस गेलेले असताना माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन ७.८. सरकारी गोळ्या घरात पडून होत्या. शौचाला काळे होते आणि मळमळते म्हणून तिने त्या बंद केल्या होत्या. तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, गोळ्यांनी बाळ काळं होईल का?’ मी म्हटले, ‘नाही आजी, गोळ्यांनी फक्त शौच काळे होते. बाळाला रक्त मात्र हिच्यातूनच मिळायचे आहे.’ गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मळमळ टाळण्यासाठी त्या रात्री झोपताना घ्यायला सांगितल्या, आणि अंगणातल्या रिकाम्या तेलाच्या डब्यात माठ व मेथी पेरायला सांगितली. तिचे रक्त वाढले ते गोळ्यांनी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गोळ्या गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या कधीतरी संपतात. ताट मात्र पुढेही रोज मांडायचे असते. तिच्या दारातले डबे तिघांचे पाच झाले आहेत आणि आता मोठा मुलगा त्यांना पाणी घालतो.

लोहाखेरीज पालेभाजीतून फोलेट मिळते, डोळ्यांसाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो आणि पोट साफ ठेवणारा चोथा मिळतो. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी थोडे तेल लागते, ते फोडणीत असतेच. भाजी कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवावी. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये.

बी रुजवणे आपल्याला येतेच

‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असे अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. बिरड्यासाठी वालाला मोड आणणारी आपल्याकडची प्रत्येक गृहिणी बी रुजवण्यात तरबेज आहे. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी काढून टाकायचे, फडक्यात बांधून उबेला ठेवायचे. पाण्यातच ठेवले तर वाल सडतात आणि कोरडे पडले तर मोड येत नाहीत. ओल, ऊब आणि हवा या तीन गोष्टींवरच बी उगवते. मातीतही नेमके तेच घडते.

दुसरा धडा घटाचा. परडीत माती घालून आपण धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी पिवळेधमक, उंच, लुसलुशीत अंकुर दिसतात. ते पिवळे का असतात? देवघरात ऊन नसते म्हणून. उजेड शोधत अंकुर उंच धावतो. पानात हिरवा रंग तयार होत नाही आणि बियातला साठा संपला की तो मान टाकतो. घटाला ते शोभते. मिरचीचे किंवा टोमॅटोचे रोप मात्र असे उंच, फिकट, दोऱ्यासारखे झाले, तर ते आजारी आहे असे समजावे. घरात रोपे करणाऱ्यांची निम्मी रोपे याच कारणाने जातात.

काय पेरावे, काय लावावे

नवशिक्याने आधी एक फरक लक्षात घ्यावा. काही भाज्या जेथे वाढवायच्या तेथेच पेरतात, काहींची रोपे वेगळी करून मग लावतात.

जागेवरच पेरायच्या: मेथी, कोथिंबीर, माठ, लाल माठ, पालक, मुळा. यांना उपटून दुसरीकडे लावणे सोसत नाही आणि त्याची गरजही नसते.

रोपे करून लावायच्या: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी. तुळसही अशीच करता येते.

फांदीपासून किंवा मुळापासून लावायच्या: पुदिना, पानओवा, गवती चहा, अळू, शेवगा. पुदिन्याच्या बाजारच्या जुडीतील चांगल्या काड्या पाण्यात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात.

पहिल्या वर्षी तीन भांड्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. एकात मेथी, एकात कोथिंबीर आणि एकात मिरचीची रोपे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि तीन ते चार आठवड्यांत कापता येते, त्यामुळे उत्साह टिकतो. कोथिंबीर संयम शिकवते, कारण ती उगवायला आठ ते पंधरा दिवस घेते. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी कराव्यात, प्रत्येक फोडीत एक बी असते. मग रात्रभर भिजवून पेरावे. मेथी आणि धणे स्वयंपाकघरातील डब्यातलेही चालतात, फक्त फार जुने नसावेत. शंका असल्यास दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहावेत. सहा-सात दाण्यांना मोड आले तर बी चांगले.

मिरची, टोमॅटो, वांग्याचे बी कृषी सेवा केंद्रातून घ्यावे आणि पाकिटावरील मुदत वाचावी. कोकणात काय चांगले येते याची चौकशी करायला आपल्याला लांब जावे लागत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतमध्येच आहे. भातासाठी त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. विद्यापीठाने कोकणच्या हवेला मानवतील अशा भाजीपाल्याच्या जातीही काढल्या आहेत.

पाकिटातील बी गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसले, तर त्याला बुरशीनाशक लावलेले आहे असे समजावे. असे बी मुलांच्या हाती देऊ नये, खाऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

भांडे आणि माती

रोपांसाठी महागड्या कुंड्या लागत नाहीत. तेलाचा डबा आडवा कापून, फुटकी बादली, आइस्क्रीमचे डबे, चहाचे कागदी पेले, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, काहीही चालते. अट एकच, तळाला भोके हवीत. भोक नसलेल्या भांड्यात रोप म्हणजे डबक्यात उभे केलेले मूल. बी रुजवायला चार बोटे खोल माती पुरते. मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोली असली तर बरे. पत्र्याच्या कापलेल्या कडा ठोकून वळवाव्यात, म्हणजे हात कापणार नाहीत.

आपल्या भातखाचरातील माती ओली झाली की चिखल होते आणि वाळली की दगड. नुसती ती भरली तर नाजूक मूळ गुदमरते. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा बारीक वाळू घ्यावी. भाताच्या गिरणीतील तूस अर्धवट जाळून मिसळला तरी माती भुसभुशीत होते. मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोट लावताच फुटावी, अशी माती चांगली. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते व मुळे भाजते, शिवाय त्यात जंतू अधिक असतात.

भाताचे रोप करण्यापूर्वी आपले शेतकरी जमिनीवर राब भाजतात. त्या आगीने तणाचे बी आणि किडी मरतात. घरातल्या डबाभर मातीसाठी राब भाजण्याची गरज नाही. माती पातळ पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवली किंवा तिच्यावर उकळते पाणी ओतून निथळू दिली, तरी बरेच काम होते.

बी किती खोल पेरावे? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. मिरची, टोमॅटो, वांगे यांचे बी अर्धा सेंटीमीटर खाली, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर. दोन बियांत दोन बोटांचे अंतर. वर ओले गोणपाट किंवा वर्तमानपत्राचा ओला कागद झाकावा. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत, वांगे सात ते दहा दिवसांत आणि मिरची आठ ते पंधरा दिवसांत उगवते. पहिला अंकुर दिसला की त्याच दिवशी झाकण काढावे. एक दिवसाचा आळस केला की घटाचे पिवळे अंकुर तयार!

ऊन आणि पाणी

उगवलेल्या रोपांना दिवसात चार ते सहा तास ऊन हवे. सकाळचे सर्वांत चांगले. कर्जत, नेरळ, खोपोलीत आता इमारती वाढल्या आहेत. एकाच बाजूने ऊन येणाऱ्या गॅलरीत रोपे उजेडाकडे वाकतात, म्हणून भांडे रोज अर्धे फिरवावे. ऑक्टोबरचे दुपारचे ऊन फारच तीव्र असेल, तर पहिला आठवडा जुन्या पातळ साडीची सावली करावी.

पाण्याच्या बाबतीत मला माझ्या रुग्णांची आठवण होते. अशक्तपणा वाटला की अनेकजण ‘सलाईन लावा’ म्हणतात. जणू जेवढे पाणी आत जाईल तेवढी ताकद येईल! रोपांवर हाच उपचार घरोघर चालतो. रोप मलूल दिसले की पाणी, पुन्हा मलूल दिसले की पुन्हा पाणी. प्रत्यक्षात मुळांनाही श्वास घ्यायचा असतो. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने भरली की मुळे कुजतात, मग पाणी असूनही रोपाला ते घेता येत नाही आणि ते सुकलेले दिसते.

सतत ओल्या मातीत बुरशीही माजते. काल ताठ उभी असलेली रोपे आज जमिनीलगत काळपट पडून एका रांगेत आडवी झालेली दिसतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. एकदा आडवे झालेले रोप पुन्हा उठत नाही, त्यामुळे हा रोग होऊ न देणे हाच उपाय. बी दाट पेरू नये, पाणी सकाळी द्यावे, हवा खेळती ठेवावी आणि पावसाची झड आली तर भांडी वळचणीखाली घ्यावीत. कोलमडलेली रोपे आसपासच्या मातीसकट काढून टाकावीत.

पाणी द्यावे की नाही हे कसे ओळखावे? बोट मातीत एका पेरापर्यंत घालावे. ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर द्यावे. रोपे लहान असताना तांब्याने धार धरू नये. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोके पाडली की उत्तम झारी होते. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी चालते. साबणाचे, कपड्यांचे किंवा गटाराचे पाणी पालेभाजीला कधीही घालू नये.

विरळणी आणि लावणी

सगळी रोपे वाढवण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाही. दोन रोपे चिकटून आली तर कमजोर रोप कात्रीने जमिनीलगत कापावे. उपटले तर शेजाऱ्याचे मूळही हलते. मेथी-माठाची विरळलेली कोवळी रोपे धुऊन आमटीत घालावीत.

टोमॅटोचे रोप साधारण चार आठवड्यांत आणि मिरची-वांग्याचे पाच ते सहा आठवड्यांत लावण्याजोगे होते. चार-सहा खरी पाने आणि पेन्सिलीच्या शिशाहून जाड दांडा, ही खूण. (सर्वांत आधी येणारी पानांची जोडी मोजू नये, ती बियातलीच असते.) लावण्यापूर्वी आठवडाभर पाणी थोडे कमी करावे आणि ऊन-वारा जास्त द्यावा, म्हणजे रोप काटक होते.

येथे भातलावणीची सवय मात्र बाजूला ठेवावी. भाताचे रोप उपटून, मुळे धुऊन, मूठ बांधून चिखलात खोवले तरी जगते. मिरचीचे जगत नाही. ते मातीच्या गोळ्यासकट, दांड्याला न धरता पानाला धरून उचलावे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावावे, लगेच पाणी द्यावे आणि दोन-तीन दिवस सावली करावी. एका मिरचीला किंवा वांग्याला दहा-बारा इंचांची एक कुंडी लागते. टोमॅटोचे रोप थोडे खोल लावले तरी चालते, त्याच्या दांड्यालाही मुळ्या फुटतात.

मिरचीची पाने वळून चुरमडली, तर त्यामागे बहुधा बारीक रसशोषक किडे असतात. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण नीट मिसळून संध्याकाळी फवारावे. शेतातले कीटकनाशक घरच्या कुंडीसाठी, तेही पेयाच्या बाटलीत ओतून आणू नये. अशा बाटलीतले औषध पाणी समजून प्यायल्याच्या घटना आपल्या ग्रामीण भागातील प्रत्येक डॉक्टरला माहीत आहेत.

बाग आणि आजार

बाग आरोग्यासाठी करायची, तर तिच्यातून आजार येऊ नये एवढी काळजी घ्यावी.

धनुर्वात: याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. लहानशी जखमही पुरते. मोठ्या माणसाने दर दहा वर्षांनी लस घ्यावी. शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर या आठवड्यातच विचारावे.

डेंग्यू: कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे बाळंतघर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व ताटल्या ओताव्यात आणि घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. त्याहून बरे म्हणजे ताटल्या ठेवूच नयेत.

विंचू: कुंड्या, विटा, लाकडे यांच्या खाली हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. आपल्याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर मंत्र-उतारा करण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

उंदीर: खतात खरकटे टाकले की उंदीर येतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाला जखम असताना चिखलात अनवाणी उतरू नये. मधुमेही व्यक्तींनी तर कुंड्यांचे कामही चप्पल घालूनच करावे. त्यांच्या पायाची जखम त्यांना कळतही नाही.

भाजी घरची असली तरी दोन-तीन पाण्यांनी धुवावी. मातीतून जंतांची अंडी पानावर येतात. मूत्रपिंडाचे विकार, मुतखडा किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर पालक व इतर पालेभाजी किती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

राहिली औषधी झाडे. तुळस, गवती चहा, पानओवा, आले ही घरात अवश्य असावीत. सर्दी-खोकल्यात गरम काढ्याने घशाला आराम पडतो. परंतु सध्याचे दिवस मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचे आहेत. ताप आला की दोन-तीन दिवस काढा घेत बसणे धोक्याचे आहे. काढा खुशाल घ्यावा, पण रक्तही तपासावे.

या आठवड्यात एवढेच करा

एक भांडे शोधा, तळाला भोके पाडा आणि माती उन्हात वाळत घाला. रविवारी मूठभर मेथी रात्री भिजवून सोमवारी सकाळी पेरा. घटस्थापनेच्या दिवशी मिरचीचे बी पेरा आणि भांडे देवघरात न ठेवता उन्हात ठेवा. शक्य असेल तर पाण्याचे काम घरातल्या लहान मुलाकडे किंवा निवृत्त आजोबांकडे सोपवा. स्वतः वाढवलेली भाजी मूल ताटात टाकत नाही, असा माझ्या ओळखीतील अनेक आयांचा अनुभव आहे. आणि पहिली मेथी कापाल, तेव्हा ती घरातल्या बाईच्या ताटात सर्वांत आधी वाढा. वर लिंबू पिळा आणि चहा तासभर उशिरा करा.

पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पायांच्या चिखल्या, कारणे व उपाय.